ईराचा लॅपटॉप : कामाची नोंदवही

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

चौतीस वर्षं पिंपरीत मेंटेनन्सला काढली. शिफ्ट संपली की लॉगबुक भरायचं, मगच बस पकडायची. मशीनवर काय केलं, का केलं, काय राहिलं. सहा महिन्यांनी तेच मशीन परत अडलं की डोकं नाही, वहीच कामाला येते. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी हाताची खोड जात नाही, म्हणून ही वही.

मशीन : समीरचा जुना लॅपटॉप. आय-फाइव्ह, आठवी पिढी, ८ जीबी रॅम. त्यावर विंडोज १० होतं. त्याचे मोफत सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबरला संपले. आठव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत बसतो, सातवीचा असता तर बाद होता. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी समीरने ११ चढवून दिलं आणि म्हणाला, "बाबा, पुढचं तुम्ही बघा. मला अजिबात वेळ नाहीये." हल्ली तो घरूनच काम करतो, तरी वेळ नाही. आतल्या खोलीचं दार दिवसभर लोटलेलं.

वापरणार : ईरा, वय दहा, इयत्ता पाचवी.

आज नुसती पाहणी केली. आतापर्यंत ईरा समीरच्याच खात्यावर बसायची. ते खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. पिन मला ईरानेच सांगितला, "आबा, माझा वाढदिवस टाका ना." म्हणजे पॅनेलला कुलूप आहे आणि किल्ली कुलपालाच सुतळीने बांधलेली आहे.

दुसरी गंमत. दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा खेळासाठी समीरने तिचं मायक्रोसॉफ्ट खातं काढलं होतं. वयाची अट आडवी आली तेव्हा जन्मसाल १९९४ टाकून मोकळा झाला. कागदोपत्री माझी नात एकतीस वर्षांची. ते खातं वापरायचं नाही, नवीन काढायचं.

रविवार, २ नोव्हेंबर

पोह्यांच्या वेळी सगळ्यांच्या मागण्या लिहून घेतल्या.

सूनबाई केतकीचं म्हणणं : अनोळखी माणसांशी गप्पा नकोत, घाणेरड्या साइट नकोत, साडेनऊला बंद म्हणजे बंद. हिचं म्हणणं : डोळे बिघडतील. (हिचं हे म्हणणं १९८८ साली आमच्याकडे टीव्ही आला तेव्हापासूनचं आहे.) समीर म्हणाला, जे करायचं ते करा, आणि चहाचा कप घेऊन आत गेला.

ईराला विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी विचारलं. तिने वहीच्या पानावर लिहून दिलं, ते जसंच्या तसं इथे उतरवतो : "१. स्क्रॅच. २. ओरिगामीचे व्हिडिओ. ३. चित्रं काढायला. ४. शाळेचं. ५. मराठीत टाइप करायला, कारण प्रोजेक्टला बाई म्हणतात हस्ताक्षर वाचता येत नाही."

हे पान वहीत चिकटवलं आहे. केतकीची यादी बंद काय करायचं त्याची, ईराची यादी चालू काय ठेवायचं त्याची. मशीन बसवताना दुसरी यादी आधी वाचायची असते.

सोमवार, ३ नोव्हेंबर

खाती काढली. एकूण तीन.

"देखभाल" हे माझं, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. रोज वापरायचं नाही, काही बसवायचं-काढायचं असेल तेव्हाच. पिन नवा, कुणाच्याही वाढदिवसाचा नाही. समीरचं खातं तसंच ठेवलं, पिन त्याच्याकडूनच बदलून घेतला. ईराचं खातं सेटिंग्जमधून अकाउंट्स, तिथून फॅमिली, आणि मग लहान मुलासाठी खातं, या वाटेने काढलं. खरी जन्मतारीख टाकली. हे खातं स्टँडर्ड आहे याची दोनदा खात्री केली. स्टँडर्ड खात्याला स्वतःच्या घरात काय हवं ते करता येतं, पण सगळ्या मशीनवर परिणाम होईल असं काही बसवायला गेलं की अ‍ॅडमिनचा पिन मागतो. खरं तर अर्धी सुरक्षा इथेच होते. फिल्टर वगैरे नंतरची गोष्ट.

एक लक्षात ठेवायचं : लोकल खातं, म्हणजे मायक्रोसॉफ्टला न जोडलेलं, काढलं असतं तर फॅमिली सेफ्टी, म्हणजे मुलांची वेळ आणि साइट आवरायची मायक्रोसॉफ्टची सोय, त्याला लागू होत नाही. मला लोकलच बरं वाटत होतं. दहा वर्षांच्या पोरीचा ईमेल कशाला हवा? पण घरबसल्या वेळ आणि साइट आवरायच्या तर दुसरा रस्ता नाही.

फॅमिली गटात समीर "ऑर्गनायझर", म्हणजे परवानगी देणारा. मी साधा सभासद.

बुधवार, ५ नोव्हेंबर

वेब फिल्टर चालू केला. दहा मिनिटांत बोंब : "आबा, क्रोम उघडत नाही!"

फॅमिली सेफ्टीचा वेब फिल्टर फक्त एज ब्राउझरमध्ये चालतो. बाकी नेहमीचे ब्राउझर, क्रोम किंवा फायरफॉक्स, त्याला आवरता येत नाहीत, म्हणून तो ते थेट अडवतो. आपल्याला वाटतं बिघाड झाला. बिघाड नाही, तसंच बनवलेलं आहे. शाळेचं सगळं समीरने क्रोमवर लावून ठेवलं होतं, पासवर्डसकट. ते सगळं एजमध्ये हलवलं. त्यात संध्याकाळ गेली, कारण शाळेच्या खात्याचा पासवर्ड कुणालाच आठवेना. शेवटी तो फ्रिजवरच्या वेळापत्रकाच्या मागे, केतकीच्या अक्षरात सापडला.

फिल्टर चालू असताना एजमधली गुप्त खिडकी, इनप्रायव्हेट म्हणतात ती, आपोआप बंद होते. हे चांगलं.

उत्साहात "फक्त परवानगी दिलेल्या साइट" हाही खटका चालू केला. बघू.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

पाणी नाही, साडेदहापासून वीजही नाही. काम बंद.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आजची नोंद लांब आहे, कारण चूक माझी आहे.

फॅमिली सेफ्टी बिंगवरचा शोध कडक करते, पण ईराला गूगलची सवय. गूगलचा सुरक्षित शोध सक्तीचा करायला एक जुनी, माझ्या पठडीतली युक्ती आहे : होस्ट्स फाइल. विंडोजच्या पोटात सिस्टिम-३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी नावाचा फोल्डर, त्यात "होस्ट्स" नावाची साधी मजकुराची फाइल. साइटचं नाव दिल्यावर मशीन पत्ता विचारायला बाहेर जातं, त्याआधी या फाइलमध्ये बघतं. गूगलच्या नावापुढे २१६.२३९.३८.१२० लिहिलं की गूगल कायम सुरक्षित शोधाच्याच दारातून उघडतं. डॉट कॉम आणि डॉट को डॉट इन, दोन्ही लिहायचे. यूट्यूबसाठी तसाच पत्ता, शेवटी ११९. त्याने मध्यम निर्बंध लागतो. १२० दिला तर कडक. यूट्यूबची पाच वेगवेगळी नावं आहेत, पाचही लिहावी लागतात.

लिहिलं. सेव्ह केलं. लॅपटॉप बंद-चालू केला. काहीही फरक नाही.

पत्ता परत तपासला. मध्ये स्पेस आहे का बघितलं. मशीनची जुनी आठवण पुसायचा हुकूम, फ्लश-डीएनएस, तीनदा दिला. जेवायला बोलावलं, गेलो नाही. ही दारात येऊन बघून गेली. अडीच वाजता ईराने मागून डोकावून विचारलं, "आबा, दोन-दोन होस्ट्स का आहेत?"

दोन होत्या. एक मूळची, एक माझी. नोटपॅडने माझ्या फाइलला गुपचूप "डॉट टीएक्सटी" असं शेपूट लावलं होतं आणि विंडोज शेपटं लपवून ठेवतं. दिसायला दोघी सारख्या, नुसतं चिन्ह वेगळं. चौतीस वर्षं मी पोरांना सांगत आलो की नेमप्लेट वाचून पार्ट बसवू नका, पार्ट नंबर वाचा. असो. एक्सप्लोररमध्ये शेपटं दाखवायचा खटका कायमचा चालू केला, नोटपॅड "देखभाल" खात्यावरून अ‍ॅडमिन म्हणून उघडलं, शेपूट काढून सेव्ह केलं. पिंग केल्यावर गूगलचं उत्तर १२०वरून आलं.

ईराने लगेच यूट्यूब उघडून तपासलं. ओरिगामीचा बेडूक दिसतो. खालच्या कॉमेंट्स दिसत नाहीत, निर्बंधात त्या लपतात. कॉमेंट्स गेल्या याचं तिला सोयरसुतक नाही. ही फाइल स्टँडर्ड खात्यातून बदलता येत नाही, तेही तिच्याकडूनच करून बघितलं. "मला जमत नाहीये," ती म्हणाली. तक्रार नव्हती, चाचणीचा निकाल सांगितला.

सोमवार, १० नोव्हेंबर

राउटर. घरातल्या सगळ्यांसाठी एकच गाळणी लावायची म्हणून डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सेवेचा, पत्ता बदलून क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ टाकला. त्यांचे तीन आहेत : १.१.१.१ साधा, १.१.१.२ घातक साइट अडवतो, १.१.१.३ त्यासोबत अश्लील साइटही. ही कुटुंबाची सोय त्यांनी १ एप्रिल २०२०ला काढली. तारीख एप्रिल फूलची, पण काम करते.

तपासायला त्यांनीच एक निरुपद्रवी पान ठेवलं आहे, न्यूडिटी डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम. गाळणी चालू असेल तर उत्तरात ०.०.०.० येतं. माझ्याकडे एकदा अडे, एकदा उघडे. अशी "कधी कधी"ची तक्रार सगळ्यात वाईट. कायम बंद पडलेलं मशीन परवडलं.

कारण सापडलं : पत्ते दोन पद्धतीचे असतात, जुने आयपी-चार आणि नवे आयपी-सहा. मी फक्त चारचा पाइप गाळला होता, सहाचा उघडाच होता. २६०६:४७००:४७००::१११३ हा सहाचा पत्ता घातला. मग दहापैकी दहा वेळा अडलं.

ऑपरेटर बदलला किंवा राउटर रीसेट झाला तर हे सगळं पुसलं जाईल. राउटरच्या बुडाला चिठ्ठी चिकटवली आहे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आजचा दिवस बघून खरं तर परवानगीच्या साइटचा खटका मी शनिवारीच परत बघायला हवा होता.

दुपारी ईराला प्रोजेक्टसाठी "पुण्यातल्या नद्या" बघायच्या होत्या. मुळा, मुठा, पवना. मी लावलेल्या यादीत विकिपीडिया नाही. विश्वकोशही नाही. आडवं पान आलं : परवानगी मागा. तिने मागितली. विनंती ऑर्गनायझरकडे, म्हणजे समीरकडे गेली. समीर दाराआड मीटिंगमध्ये. सव्वातीनला मागितलं, पावणेपाचपर्यंत काही नाही. पाच वाजता मी फिरायला निघालो तर पोरगी हॉलमध्ये आजीच्या फोनवर नद्या बघत बसलेली. वायफाय बंद, मोबाइल डेटा चालू, कारण "वायफायवर आबांचं काहीतरी असतं". म्हणजे ना फिल्टर, ना राउटर, ना होस्ट्स. माझी तेरा दिवसांची सगळी व्यवस्था वळसा घालून बाजूला. आणि तिने काही वावगं केलं का, तर नाही. गृहपाठ केला.

पॉवर प्रेस आठवला. दोन हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय रॅम खाली येत नाही, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. एका प्रेसवर डाव्या बटणात नेहमी लाकडाची पाचर सापडायची. वरून हुकूम यायचा, पाचर काढा, मेमो द्या. काढायचो. दुसऱ्या दिवशी नवी पाचर, आधीपेक्षा छान तासलेली. शेवटी एका रात्रपाळीला मी स्वतः त्या प्रेसवर उभा राहून दोनशे पार्ट काढले. दीडशेनंतर डावा खांदा भरून आला, कारण ते बटण वीतभर लांब लावलेलं होतं. स्टँड सरकवला. पाचर परत दिसली नाही.

तेव्हा आजीच्या फोनला कुलूप घालायचं नाही. बटण सरकवायचं.

केलेलं काम : "फक्त परवानगी दिलेल्या साइट" बंद. साधा फिल्टर चालू. तो अयोग्य साइट अडवतो, बाकीचं जग उघडं राहतं. समीरला सांगून मला ऑर्गनायझर करून घेतलं आणि फॅमिली सेफ्टी माझ्या फोनवर टाकली. आता विनंती माझ्याकडे येईल, आणि मला मीटिंगा नसतात.

शनिवार, १५ नोव्हेंबर

वेळेचं गणित बदललं. आधी रोज एक तास ठेवला होता. बुधवारी गृहपाठात पन्नास मिनिटं गेली, चित्राला दहा उरली, आणि बोट नदीत उतरायच्या आत पडदा आडवा आला. चित्र गेलं म्हणून रडारड. मी वेळ वाढवून दिला तर चित्र होतं तिथेच होतं, पण तोवर रडून झालेलं.

आता लॅपटॉपचे तास सैल केले, साडेनऊची हद्द मात्र कायम. मोजणी अ‍ॅपवार लावली. खेळांना दिवसाला तीस मिनिटं, शनिवार-रविवार एक तास. चित्र, लेखन आणि शाळा यांना मोजणी नाही. मशीन किती तास चाललं याला अर्थ नसतो, त्यावर काय निघालं ते बघायचं. केतकीला हे पटायला वेळ लागला. हिला अजून पटलेलं नाही : "डोळ्यांना काय कळतंय ते शाळेचं की खेळाचं?" मुद्दा बिनतोड आहे. टेबल खिडकीपाशी सरकवलं आणि लॅपटॉपखाली जाडजूड डिक्शनरी ठेवून पडदा नजरेच्या पातळीला आणला.

त्यासाठी वेगळा कीबोर्ड लागणारच होता. वनाझहून मेट्रोने जिल्हा न्यायालय, तिथे गाडी बदलून मंडई, आणि चालत तपकीर गल्ली. ईरा सोबत. पहिल्या दुकानात सांगितलेली किंमत तिसऱ्या दुकानात दीडशेने उतरली. देवनागरीचे स्टिकर मागितले तर दुकानदार म्हणाला, "काका, आता ते कोण लावतं? फोनेटिक वापरा." बरोबर होता. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक आतच असतं, २०१९पासून. भाषा जोडली आणि ईराने इंग्रजी अक्षरांनी "मुठा" मारलं, पडद्यावर मुठा उमटलं. "ळ" कुठे आहे ते शोधण्यात मात्र आम्ही दोघांनी एक मेदूवडा थंड केला.

एज पान मोठ्याने वाचूनही दाखवतं, मराठीत दोन आवाज आहेत, आरोही आणि मनोहर. हिने मनोहरला अर्धा तास बसवून घेतलं. तिला डोळ्यांचा त्रास नको, म्हणे.

रविवार, १६ नोव्हेंबर

स्क्रॅच. एमआयटीतल्या लोकांनी बनवलेलं, साधारण आठ ते सोळा वयाच्या मुलांसाठी, ठोकळे जोडून प्रोग्रॅम लिहायचे. साइटवर गेलं की तिथे जगभरातली मुलं एकमेकांच्या कामाखाली कॉमेंट्स लिहितात, म्हणजे केतकीची पहिली अट मोडते. विंडोजसाठी ऑफलाइन स्क्रॅच मिळतं. "देखभाल"वरून ते बसवलं. ठोकळे तेच, बाजार नाही.

ईराने मांजर हाकललं आणि स्वतः काढलेली पीएमपीची लाल बस ठेवली. बस उजवीकडे जाते, पडद्याच्या काठावर आपटून उलटी फिरते आणि चाकं वर करून परत येते. "आबा, हिला यू-टर्न कसा शिकवायचा?" फिरण्याची पद्धत फक्त डावी-उजवी ठेवणारा ठोकळा शोधायला आम्हाला वीस मिनिटं लागली. या प्रकल्पात आतापर्यंतची सगळ्यात बरी वीस मिनिटं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

खेळांची तीस मिनिटं संपूनही आतून खेळाचा आवाज. बघतो तर एजमध्येच समुद्रावर फळी घेऊन सरकणारा एक पोरगा. हा खेळ ब्राउझरच्या पोटातच असतो, इंटरनेट नसलं तरी चालतो. माझ्या मोजणीत एज म्हणजे अभ्यास. पकडल्यावर ईरा म्हणाली, "हा खेळ नाही, हे एज आहे."

रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या यादीत, एक धोरण घालून तो बंद करता येतो. हात तिथपर्यंत गेला होता. नाही केला. शोधून काढलंय तिने.

रविवार, २३ नोव्हेंबर

आठवड्याचा अहवाल मेलमध्ये आला. गेल्या आठवड्यातही आला असावा, माझ्या लक्षात नव्हतं. कुठलं अ‍ॅप किती वेळ, कुठल्या साइट, काय शोधलं. हा खटका मीच ३ तारखेला चालू केला होता. तपमानाचा आलेख काढणारा रेकॉर्डर भट्टीला असतो तसा, एवढाच विचार होता.

शोधलेल्या शब्दांची यादी :

ओरिगामी बगळा. मुठा नदी उगम. स्क्रॅच बस आवाज. "बेंचवर असणे म्हणजे काय". "बाबा बेंचवर आहे". "बेंच किती महिने असतो".

तीनदा वाचलं. माझ्यासाठी बेंच म्हणजे फिटरचं टेबल, वर व्हाइस बसवलेला. तासणं, घासणं, कानस. बेंचवर असणं म्हणजे कामात असणं. मग मीही तेच शोधलं. आयटीत त्याचा अर्थ उलटा. प्रोजेक्ट संपला, दुसरा मिळालेला नाही, पगार चालू आहे पण किती दिवस ते सांगता येत नाही.

हिला सांगितलं नाही. रात्री झोप नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

समीर सकाळी गच्चीत कपडे वाळत घालत होता. आमच्याकडे हे काम कधी त्याचं नव्हतं, आता आठवतंय की तीन आठवडे तोच घालतोय. विचारलं. आधी म्हणाला काही नाही. मग दोरीवर शर्ट नीट करत करत सांगितलं. सप्टेंबरअखेर प्रोजेक्ट संपला. दाराआडच्या मीटिंगा म्हणजे कंपनीतल्याच दुसऱ्या प्रोजेक्टांच्या मुलाखती, सहा झाल्या. केतकीला माहीत आहे. "तुम्हाला आणि आईला उगाच कशाला." ईरासमोर कधीच बोललो नाही, म्हणाला. दाराआडचं बोलणं दाराबाहेर किती ऐकू येतं ते त्याला माहीत नसावं. हॉलमधलं टेबल मीच खिडकीपाशी सरकवलं, त्याच भिंतीला लागून.

तुम्हाला कसं कळलं, असं त्याने विचारलं. मी खरं ते सांगितलं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

आता प्रश्न अहवालाचा. केतकी म्हणाली, चालू राहू दे, नाहीतर तिच्या मनात हे चाललंय ते आपल्याला कळलंच नसतं. बरोबर आहे. मी म्हणालो, तिने आपल्याला न विचारता मशीनला विचारलं, आणि मशीनने आपल्याला येऊन सांगितलं. तिला कळलं की पुढच्या वेळी मशीनलाही विचारणार नाही, आजीचा फोन आहेच. तेही बरोबर आहे. दोन बरोबर एकमेकांवर आपटून चहा गार झाला.

याच महिन्यात २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम निघाले. केतकीच्या ऑफिसात त्यावर ट्रेनिंग झालं. कायद्याने अठराखालचं प्रत्येकजण मूल. मुलांचा माग काढणं, वागण्यावर पाळत ठेवणं, त्यांना हेरून जाहिराती दाखवणं कंपन्यांना मना आहे, आणि मुलांबाबतची कर्तव्यं मोडली तर दंड २०० कोटींपर्यंत जाऊ शकतो. "कंपनीला," केतकी म्हणाली, "आजोबांना नाही." पण हे सांगताना तीच हसली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, बंद करा.

बंद केला. फिल्टरला आणि वेळेला त्याने काही होत नाही, ते वेगळे खटके आहेत. गार्ड आहे तिथेच आहे, रेकॉर्डर काढला.

बंद करायच्या आधी ईराला शेजारी बसवून दाखवला. हे असं दिसत होतं, मी वाचलं, आधी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. ती बराच वेळ यादीकडे बघत होती. मग, "सगळं?" सगळं. "फळीवाला खेळ पण?" तो नाही, तो मी स्वतः पकडला. यावर जरा बरं वाटलं तिला. बेंचबद्दल संध्याकाळी समीरनेच तिच्याशी बोलायचं ठरलं आहे. गच्चीत गेले दोघं. मी गेलो नाही, तेव्हा नोंद नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

पाणी नाही. वीज होती. हिच्या फोनला तिच्या सांगण्यावरून पिन लावला, कारण मनोहरला कुणीतरी वेगाने वाचायला लावलं होतं.

रविवार, ३० नोव्हेंबर

राहिलेली कामं : नाताळच्या सुट्टीचं वेळापत्रक वेगळं लावणं. राउटरचा आयपी-सहाचा पत्ता महिन्यातून एकदा तपासणं. "देखभाल"चा पिन लिहिलेला कागद पाकिटात घालून केतकीकडे देणं, माझं काय सांगता. लॅपटॉपचा पंखा घरघरतो, उघडून साफ करायचा, ईराला स्क्रू मोजायला बसवायचं. बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला, पासवर्ड अजून नाही. पेनड्राइव्हवरून दुसरी सिस्टिम चालू करता येते हे तिला अजून माहीत नाही, पण फळीवाला खेळ सापडायलाही तिला चारच दिवस लागले होते.

समीरचं अजून काही नाही. सातवी मुलाखत बुधवारी.

रात्री ९:३१ला माझ्या फोनवर टुणकन वाजलं. विनंती : ईरा, जास्त वेळ हवा. आत गेलो. बस आता सरळ यू-टर्न घेते, थांब्यावर थांबते, आणि पडद्याच्या तळाशी मराठीत पाटी आली आहे, "स्वारगेट". ळ नसलेलं नाव मुद्दाम निवडलं, म्हणाली. बस अजून डेक्कनला होती.

पंधरा मिनिटं दिली.